होडी येईल म्हटलं

आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. तारापूरच्या खाडीकाठी, मागच्या आळीत घर आहे. पुढच्या घरांनी समुद्र अडवलाय. लहानपणी मी अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून भरती आहे की ओहोटी ते सांगायचे आणि पलीकडच्या खोलीतून बाबा "हां" म्हणायचा. बाबाचा "हां" हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भाषण होतं.

अशा घरातली मी, आणि नादाला लागले नदीच्या. दगडांवर आपटून पांढऱ्या झालेल्या पाण्यातून लोकांना राफ्टमध्ये बसवून न्यायचं, उलटले तर काढायचं, हा माझा धंदा. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या नद्या, मग हिमालयातल्या. बाबा याला काम मानायला बरीच वर्षं तयार नव्हता. "लोकं पैसं देऊन भिजतात," असं तो शेजाऱ्यांना सांगायचा, आणि शेजारी मला वेड्यात काढायचे. कोळ्याच्या पोरीने समुद्र सोडून नदीवर जायचं म्हणजे घरात ताजी पापलेटं असताना बाजारातून शेपू आणण्यासारखं.

मग आई गेली. गुडघे गेले म्हणून बाबाने होडीही विकली, आणि तो ओट्यावर बसला तो बसलाच. खाणं वेळेवर, बोलणं नाही. मी फोन केला की उचलायचा, "हां" म्हणायचा, ठेवायचा. स्वतःहून त्याने मला कधी फोन केला नाही. एका पावसाळ्यात तो तापाने फणफणला आणि पडून राहिला. शेजारच्या काकूला दार उघडं दिसलं, मांजर आत-बाहेर करताना दिसलं, म्हणून ती डोकावली आणि तिने मला कळवलं. मी धावत आले तर फोन उशाशीच होता, चार्ज केलेला.

"बाबा, मला सांगितलं का नाहीस?"

"येशील म्हटलं," तो म्हणाला.

मला इतका राग आला की मी भांडी आपटत पेज केली. तो काही हट्ट करत नव्हता, रुसलाही नव्हता. पण कुणाला हाक मारायची असते हे त्या माणसाच्या गावीच नव्हतं. एक दिवस हा असाच वाट बघत पडून राहील आणि जाईल, ही भीती त्या दिवसापासून माझ्या पोटात घर करून बसली. मी कुठल्याही नदीवर असले तरी ती बरोबर असायची.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर मी बाबाला सूर्या नदीवर घेऊन गेले.

आमचा एक रिवाज आहे. इकडचा हंगाम संपला आणि हिमालयातला अजून सुरू व्हायचा असला की मधल्या दिवसांत मी आणि माझ्याबरोबर राफ्ट चालवणारा एक गढवाली गाईड सूर्या नदीकाठच्या एका पाड्यावर जाऊन राहतो. पाड्याची घरं एका काठावर, शेतं पलीकडच्या काठावर. मध्ये बुटका बंधारा आहे, त्यावरून लोक ये-जा करतात. वरून पाणी सोडलं की बंधारा पाण्याखाली जातो आणि तरीही लोक जातातच, कारण भात काही थांबत नाही. पाय निसटला की माणूस वाहतो. आम्ही तिथे दोर टाकायला शिकवतो. नदीच आमचं पोट भरते, मग ती सह्याद्रीतली असो की हिमालयातली. तिचं थोडं फेडावं, एवढाच त्यामागचा विचार. आमच्या धंद्यातली मंडळी याला समाजसेवा म्हणतात तेव्हा मला हसू येतं. आम्ही तिथे जातो, भाकरी आणि आंबाडीची भाजी खाऊन दोन किलो वाढवून येतो.

बोईसरच्या पूर्वेला बाबा आयुष्यात फारसा गेलाच नव्हता. कारखान्यांच्या भिंती संपल्या, ट्रकांची रांग मागे पडली, डोंगर जवळ आले, तसा तो खिडकीकडे वळून बसला. मांडीवर सुक्या बोंबलांचं गाठोडं होतं. ते मात्र त्याने स्वतःच्या अकलेने बांधलं होतं. पाड्यावर ते उघडलं तेव्हा बायकांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. होडीवरच्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात, हे मी कधीतरी त्यांना सांगितलं होतं. त्या दिवसापासून तो तिथे तांडेल झाला.

त्या दिवसांतली सूर्या मला अजून झोपेत दिसते. भात पिवळं पडायला लागलेलं, सकाळी नदीवर पातळ धुकं, आणि त्या धुक्यातून बंधाऱ्याचा एकसुरी आवाज. तो ऐकत राहिलं की आपण बसलोय की वाहतोय ते कळेनासं होतं. बाबा उंबराखाली बसायचा आणि पाण्याकडे बघायचा. पहिल्या दिवशी त्याने एकच विचारलं.

"ह्या पाण्याला परत यायचं नसतं का?"

"नाही बाबा. इथे ओहोटी नसते."

"हां," तो म्हणाला, आणि पुढचा सगळा दिवस गप्प बसून त्याने त्यावर विचार केला असावा.

आमचं शिकवणं सोपं असतं. दोराची पिशवी असते. एक टोक हातात धरायचं आणि पिशवी वाहणाऱ्याच्या पलीकडे भिरकवायची, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो. त्याने पाठीवर राहायचं, पाय पुढे ठेवायचे आणि दोर छातीशी घट्ट धरायचा. काठावरचा मग त्याला ओढून आणतो. सरावाला मात्र खराखुरा वाहणारा माणूस लागतो. तो आम्ही दोघं आळीपाळीने व्हायचो आणि तिथेच अडायचं. पाड्यावरची एक बाई, जिचा दीर याच बंधाऱ्यावरून वाहून गेला होता, ती दोर टाकण्यात सगळ्यांत तयार. पण माझ्यावर दोर टाकताना तिला हसू आवरायचं नाही.

"तू काय बुडतं? तू बदक हाय," ती म्हणायची. दोर कुठेतरी पडायचा आणि सगळा काठ हसायचा.

त्या दुपारी असंच हसणं चाललं होतं आणि उंबराखालून बाबा उठला. सदरा काढून त्याने फांदीला अडकवला.

"मी बुडतो," तो म्हणाला.

होडी विकल्यापासून तो घोट्याएवढ्या पाण्यातही उतरला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी दुसरा काही विचारच केला नाही. लाइफ जॅकेट चढवलं, त्याला तो गादी म्हणाला. हेल्मेट घातलं. बाकी सगळ्यांना दहा वेळा समजावलेलं मी त्याला एकदाही सांगितलं नाही. माशाच्या पिल्लाला पोहायला कोण शिकवतं? आणि कोळ्याला पाणी शिकवायचं तेही त्याच्या पोरीने? माझी जीभच वळली नसती.

बाबा बंधाऱ्याखालच्या धारेत शिरला आणि पाठीवर पडला. काय सुंदर पडला. हात पसरलेले, चेहरा आभाळाकडे, डोळे अर्धवट मिटलेले. त्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या सुटल्या होत्या. आई असताना, होडी किनाऱ्याला लावून तो वाळूवर असाच पडायचा. मी पहिला दोर टाकला. तो बरोबर त्याच्या छातीवर पडला.

बाबाने तो धरला नाही.

दोर त्याच्या अंगावरून घसरला आणि तो तसाच पुढे गेला, हसतमुख, निवांत. खाली वळणावर पावसात वाहून आलेलं एक मोठं झाड दगडांत अडकलं होतं. त्याच्या फांद्यांमधून पाणी जायचं, माणूस गेला नसता. माझा गढवाली मित्र त्याच्याही खाली कयाक घेऊन थांबला होता. तो जोरात ओरडला, "बाबूजी, रस्सी पकड़ो," आणि प्रवाहाविरुद्ध वल्ही मारू लागला, पण ते पाणी त्याला वर येऊ देत नव्हतं. मी दोर गोळा करत काठाने धावत होते. मनात एकच होतं: याला कळलं नाही, की याला धरायचाच नाही? आई गेल्यापासून जे मी स्वतःशी बोलले नव्हते ते तेव्हा बोलले.

पुढच्या खडकावर ती बाई उभी होती. तिने दोर टाकला. हसत नव्हती. दोर बाबाच्या गळ्याशी पडला.

"तांडेल, धर. धर रे तो," ती अशी काही म्हणाली की बाबाने डोळे उघडले. झोपेतून उठवल्यासारखं तिच्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि दोर धरला. धार त्याला घेऊन वळली आणि तो झाडाच्या अलीकडे काठाला लागला.

मी पोचले तेव्हा तो चिखलात बसून हेल्मेटचा पट्टा सोडायच्या खटपटीत होता.

"दोर का नाही धरलास?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"होडी येईल म्हटलं."

मग कितीतरी वर्षांत बोलला नव्हता एवढं तो सलग बोलला. समुद्रात माणूस पडला की त्याने हातपाय झाडायचे नसतात. ओरडायचंही नसतं, दम जातो. पाठीवर पडायचं आणि थांबायचं. होडी वळून येते. होडीही त्याच पाण्यावर असते, माणूसही त्याच पाण्यावर. दोघं बरोबरच वाहतात, म्हणून फार लांब जात नाहीत. त्याच्या बापाने त्याला हेच शिकवलं होतं. तरुणपणी एकदा तो पडला होता, असाच थांबला होता, आणि होडी आली होती.

"आमी हाका मारत नाय," तो म्हणाला. "थांबतो."

मी त्याच्या शेजारी चिखलात बसले आणि रडले. रडता रडता म्हणाले, "बाबा, इथे होडी येत नाही. आम्ही सगळे काठावर उभे आहोत, तू एकटाच वाहतोयस. मी काठावर आहे, बाबा. तू हाक मारल्याशिवाय मला कळत नाही."

त्याने पट्टा सोडवला आणि हेल्मेट मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता "हां" येईल.

"मंग आदी सांगायचं ना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आमचे कपडे वाळायच्या आत, बाबा परत सदरा काढून तयार. बुडणारा तोच. पण आता त्या बाईने स्वतःचा नियम केला. जागाही तिनेच बदलली, झाडाच्या खूप वर, जिथे खाली उथळ शांत पाणी होतं.

"हाक दे, मंगच टाकीन," तिने काठावरून बजावलं.

बाबा वाहत आला. तोंड उघडलं, आवाज नाही. ती दोर हातात घेऊन उभी. तो तिच्या समोरून गेला, उथळाला लागला, उठून परत वर चालत आला. पुन्हा वाहिला. पुन्हा नुसताच हात वर. ती हलली नाही. पाड्यावरच्या बायका धुणं टाकून येऊन बसल्या. कुणी हसलं नाही. मला वाटत होतं मीच पाण्यात उडी टाकून त्याच्याऐवजी ओरडावं.

तिसऱ्या खेपेला पाण्याच्या आवाजातून आणखी एक आवाज आला. बारीक, बसलेला, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या दाराच्या बिजागरीसारखा.

"ए बाय. दोर टाक गो."

तिने टाकला. त्याने धरला. काठाला आल्यावर तिने त्याला टॉवेल दिला आणि म्हणाली, "जमलं की." मग ती भाकऱ्या करायला गेली, कारण उशीर झाला होता.

निघायच्या दिवसापर्यंत बाबा रोज बुडत होता. शेवटी शेवटी तर तो इतका ओरडायचा की पलीकडच्या शेतातले लोक काम टाकून बघायचे. परतताना बोईसरच्या नाक्यावर गाडी अडकली तेव्हा तो डोळे मिटून बसला होता. मी विचारलं, झोप आली का? म्हणाला, "नाय. अजून वाहतोय."

मग मी हिमालयात गेले, आणि फोनवरचा बाबा पुन्हा "हां" झाला. मी मनाला समजावलं की नदीकाठचं नदीकाठी राहतं. चार दिवसांत माणूस बदलत नसतो, आणि माझा बाप तर नाहीच.

थंडी ओसरताना एका सकाळी मी राफ्टमध्ये हवा भरत होते. गंगा हिरवीगार होती, उन्हं नुकतीच वाळूवर उतरली होती. फोन वाजला. पडद्यावर बाबाचं नाव. मी तो नुसताच बघत राहिले, कारण त्या बाजूने तो आजवर कधी वाजलाच नव्हता.

"बाबा?"

आधी नुसता श्वास. मागे समुद्र. भरती होती.

"ताप हाय गो," बाबा म्हणाला. "ये."

बापाला ताप आलाय हे ऐकून कुठल्या मुलीला आनंद होतो? मला झाला. वाळूवर बसून मी हसत होते आणि रडत होते, आणि माझा गढवाली मित्र घाबरून विचारत होता, दीदी, क्या हुआ? काकूला फोन करून मी त्याच्याकडे पाठवलं आणि मिळेल त्या गाडीने निघाले. बोईसरला उतरून घरी पोचले तेव्हा ताप उतरलेला होता. काकूने केलेली पेज पिऊन बाबा भिंतीला टेकून बसला होता आणि मला बघून त्याच्या चेहऱ्यावर जरा लाज आली.

"उगाच बोलावलं तुला," तो म्हणाला.

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. गार होतं.

"हां," मी म्हटलं.