बंद खोक्यातली वडी

माझ्या धाकट्या काकूला आम्ही सगळे घडीकाकू म्हणतो. हातात कागद आला की घडी घातल्याशिवाय तिला चैन पडत नाही. औषधाची चिठ्ठीसुद्धा सुटत नाही. थोरली काकू घरी साबण करायची आणि घडीकाकू त्याला वेष्टन. दोघी जावा वीस वर्षं एकाच खोलीत काम करत होत्या. बोलायला लागल्या की दोघींमधून विस्तव जात नसे, पण एकीला यायला उशीर झाला की दुसरी ताट झाकून बसायची.

शेवटचं भांडण वेष्टनावरूनच झालं. थोरलीला कागदाची रुंद पट्टी हवी होती, दोन्ही टोकं उघडी. "वडी आतून ओली असते गं. कोंडलीस तर घाम फुटेल तिला."

"गिऱ्हाईक आधी खोकं बघतं, ताई," घडीकाकू म्हणाली. "तुमची पट्टी म्हणजे बिनबटणांचा सदरा!"

"माझ्या वड्या कोंडायच्या नाहीत," एवढं बोलून थोरली उठली. मग आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी थोरली झोपेतच गेली. अबोला तसाच राहिला, आणि घडीकाकूला तेच खात होतं.

फळीवर थोरलीच्या हातच्या चाळीस वड्या उरल्या होत्या. दुकानवाल्या बाईंना त्या सोमवारी हव्या होत्या, त्याही बंद खोक्यात, म्हणजे एकावर एक रचता येतात. आम्ही दोघींनी खोकी भरली. खोलीला कुलूप लावून काकूनं किल्ली कमरेला खोचली.

सकाळी चाळीसही झाकणं उघडी होती. मी शहाणपणा केला. म्हटलं, साबणाच्या ओलाव्यानं पुठ्ठा फुगला असेल. काकूनं प्रत्येक खोक्याला चिकटपट्टी लावली.

दुसऱ्या सकाळी चिकटपट्ट्या जशाच्या तशा होत्या. खोकी बंद होती, पण हलकी. वड्या बाहेर फळीवर उभ्या होत्या, दोन वड्यांत एक बोट अंतर ठेवून. थोरली वड्या वाळत ठेवायची ती अशीच. माझं शहाणपण तिथंच गार पडलं. भुताखेतांना हसणाऱ्यांतली मी, पण त्या दिवशी खोलीत दाराकडे पाठ करून बसायची माझी छाती झाली नाही.

घडीकाकू मात्र घाबरली नाही. तिनं जाड कागदाच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापल्या, एकेका वडीला गुंडाळल्या आणि थोरलीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "घ्या! झालं तुमच्या मनासारखं?"

दुकानवाल्या बाईंनी आधी नाक मुरडलं, मग तेच नाक वडीच्या उघड्या टोकाशी नेलं आणि सगळा माल ठेवून घेतला. "पण एकोणचाळीसच आहेत," त्या म्हणाल्या. मोजण्यात चूक झाली असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर खोलीत काही हललं नाही. मला हायसं वाटलं. काकूचं मात्र जेवणावरून मन उडालं. दिवसभर ती त्या खोलीतच असायची.

एका दुपारी मी तिला चहा द्यायला गेले. ती फळीसमोर मांडी घालून बसली होती. फळीवर एकच बंद खोकं होतं, चिकटपट्टीचे तीन वेढे दिलेलं.

"काकू, ही चाळिसावी कशाला कोंडलीस?" मी विचारलं.

"पट्टीत घातली असती तर त्या आल्या असत्या का?" ती हळूच म्हणाली. "भांडायला का होईना, येत होत्या."

भर दुपारची उन्हं खिडकीतून आत आली होती. खोक्यातून आवाज आला, पुठ्ठा नखानं खरवडावा तसा. मी चहा तिथंच ठेवून दाराकडे सरकले. काकूनं पदर सावरला आणि ती पुढे वाकली.

"ताई, चुकलं माझं," ती म्हणाली. "आता तरी बोला."