शिव्या न घातलेलं पत्र

आमच्या बोबो-जुलासो शहरात फिलोमेन मिल्लोगोला सगळे तांती म्हणतात, मावशी म्हणावं तसं. मीही. आमच्या गल्लीत एका कढईवर तिने करितेच्या झाडाच्या बियांचं लोणी काढायला घेतलं, तेव्हा मी शाळेत होतो. मी साहित्याची पदवी घेऊन रिकामा बसलो, तोवर तिच्या कारखान्यात दोनशे बायका लोणी घुसळत होत्या. मग एका सकाळी रेडिओवर नव्या व्यापारमंत्र्यांचं नाव ऐकलं. हातातली लापशी हातातच राहिली.

तिचाच फोन आला. "पत्रं लिहायला ये. तुला दुसरं येतंय काय?"

मंत्री झाल्यावर तिने एकच गोष्ट धरून ठेवली. दर हंगामात बियांचे सगळे ट्रक बंदराकडे जात आणि गावोगावच्या बायकांच्या कढया पाच महिने पालथ्या पडत. यापुढे तिसरा हिस्सा बिया इथेच राहतील, असं तिने ठरवलं. त्याला व्यापारी संघाची सही हवी होती. संघाचे अध्यक्ष हमिदू सिदिबे, गुरं राखणाऱ्या फुलानी जमातीचे. हंगाम आठ दिवसांवर आला होता.

त्यांना पत्र मी लिहिलं. तीन मसुदे केले. 'परम आदरणीय अध्यक्ष महोदय' अशी सुरुवात. तांतीने कागदांच्या ढिगात न वाचताच सही केली.

पत्र फाडलेलं परत आलं. सहीसाठी ठरलेली बैठक संघाने रद्द केली.

तांतीने तुकडे जुळवून वाचलं. "हे तू फुलानीला लिहिलंस? माझ्या नावाने?"

"आदराने लिहिलं, तांती."

"आदर परक्यांना देतात, गाढवा! मी बोबो जमातीची, तो फुलानी. पणज्यांपासून आम्ही थट्टेने एकमेकांना शिव्या घालतोय, तेच आमचं नातं. त्याला वाटलं असेल, खुर्ची मिळाली आणि बाईने नातं तोडलं."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. सरकारी कागदावर ते चालत नसेल, असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडी कोपऱ्यावर सोडली आणि सिदिबेंच्या आवारात शिरली. मी मागे.

"ए, गाईच्या शेपटीला लोंबकळणाऱ्या! तुझी मालकीण उन्हात उभी आहे. दूध आण!"

पोती उचलणारे हमाल थबकले. म्हातारा सिदिबे बाहेर आला. चेहरा दगडासारखा.

"मला वाटलं मंत्रीणबाई आल्यात. ही तर माझीच गुलाम. सकाळी सकाळी ज्वारीची दारू ढोसून आलीस?"

"तुझ्या मयतीसाठी ठेवली होती. तू मरेनास, मग काय करू?"

हमाल फिसकन हसले. मग म्हातारा हसला, डोळे पुसेपर्यंत. दूध आलं. तांतीने ते संपवलं आणि भांडं खाली ठेवलं.

"आता तिसरा हिस्सा."

"चौथा. नात्याखातर."

"नात्याखातर मी उन्हात उभी राहिले. हिस्सा कढयांचा आहे. तिसरा."

"आणि संघ नाही म्हणाला तर?"

"तर उद्या येईन. परवाही. याच दारात, याहून मोठ्याने."

सिदिबेने हमालांकडे पाहिलं. एकालाही पोत्याची घाई नव्हती. "ही खरंच येईल," तो म्हणाला, आणि संघाच्या लोकांना बोलावणं धाडलं.

दुपारी सगळे जमले. तासभर भांडले. तांती जागची हलली नाही. शेवटी सिदिबेने पेन घेतलं, पण अट घातली: आधी पत्र नव्याने हवं, आणि नीट.

मी तिथेच ओट्यावर बसून लिहिलं. पहिली ओळ तांतीने सांगितली. तिच्यात गाय होती, शेपटी होती आणि अध्यक्ष होते. सिदिबेने ती दोनदा मोठ्याने वाचून घेतली. मग सही केली.

हंगाम सुरू झाला, ट्रक भरले. दर तिसरा कढयांकडे वळला.