बाबूभाईची तबकडी आणि कुंकवाची जागा

आलापल्लीच्या लाकूड डेपोत मी तीस वर्षं सागाच्या लठ्ठ्यांवर हातोड्याची खूण मारली. शाळा चौथीपर्यंत, तीही कोसमटोल्याच्या झाडाखालची. तेव्हा मी यंत्राबद्दल काही सांगितलं तर ते पोथीतल्यासारखं नसेल, पण डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

डेपोच्या फाटकासमोर बाबूभाईचं दुकान. त्याचे वडील भांड्यांना कल्हई करायचे. काळं पातेलं निखाऱ्यावर धरलं, कापसाचा बोळा गोल फिरवला, की आत चंद्र उगवायचा. मुलानं पातेल्यांऐवजी रेडिओ उघडले. मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही. एकदा रेंजरसाहेबांचा रेडिओ बोलेना, तर बाबूभाईनं उघडून आतून पालीची चार अंडी काढली आणि कागदाच्या पुडीत बांधून साहेबांना परत दिली. "तुमचं सामान हाय साहेब, मी कसं ठेवू?" म्हणाला. पण ती गोष्ट वेगळी.

मी सांगतोय ती दोन हजार सहा सालची. त्या वर्षी बाबूभाईनं चंद्रपूरहून एक हिरवी पट्टी आणून कम्प्युटरच्या पोटात बसवली. छपरावरच्या छत्रीची वायर तिला जोडली, की आकाशातून येणारा कार्यक्रम थेट कम्प्युटरात उतरायचा आणि तिथंच राहायचा. मी विचारलं, राहतो म्हणजे कुठी राहतो? त्यानं पत्र्याच्या डब्याएवढी एक वस्तू दाखवली. त्या डब्यात अख्खी रामलीला, तीन क्रिकेटचे सामने आणि त्याच्या बायकोच्या, साबिराभाभींच्या, आवडीचे स्वयंपाकाचे कार्यक्रम होते. मी त्या डब्याला हात लावून पाहिला. कोमट होता, कोंबडीखालच्या अंड्यासारखा.

आता देवाजीचं सांगतो. देवाजी माझा कोसमटोल्याचा सोबती, दंडारीचा गाणारा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, घरोघर पाहुणे येतात आणि रात्रभर ढोलकी-टाळांवर नाचगाण्याची दंडार चालते. दंडारीचं शेवटचं निरोपाचं गाणं देवाजीचं. तांबडं फुटायच्या वेळेला तो ते उचलायचा आणि पेंगणारी माणसं ताठ बसायची. त्याच्या आदल्या हिवाळ्यात टीव्हीवाले आले, समाजमंदिरासमोर भरदिवसा दंडार उभी करून तासाभराचं चित्रण करून गेले. कार्यक्रम कधी दाखवणार ते कळवू म्हणाले. पत्र आलं तेव्हा देवाजीला जाऊन दोन महिने झाले होते.

त्याची बायको रंभाबाई ते पत्र पदरात बांधून बारा किलोमीटर चालत बाबूभाईच्या दुकानात आली. मी तिथंच बसलो होतो. तिनं सांगितलं, कार्यक्रम रविवारी दुपारी आहे आणि दुपारी कोसमटोल्याची लाईट जाते.

"भाऊ, चाळीस वर्सं त्याईची दंडार साऱ्या मुलखानं पाह्यली. मीच नाई पाह्यली. पाहुन्याईच्या भाकरी कोन थापंल? मी चुलीपाशीच. आवाज तेवढा कानावर याचा." तिनं पत्र काउंटरवर ठेवलं. "एकडाव गाताना पाहाचं हाय. बस."

"पाहाल, बाई," बाबूभाई एवढंच म्हणाला.

रविवारी आलापल्लीचीही लाईट गेली. पण बाबूभाईनं मेहुण्याच्या ट्रकची बॅटरी उतरवून आणली होती. कार्यक्रम उतरला. मला वाटलं झालं काम. तर नाही. कम्प्युटरात उतरलेलं चित्र घरच्या डीव्हीडी प्लेअरला कळत नाही म्हणे. त्यानं तसंच्या तसं तबकडीवर घातलं आणि प्लेअरनं ते थुंकून टाकलं. मी म्हटलं, काऊन रे, चित्र तर तेच आहे.

"बापूजी, धान कोनी पानात वाढते का? भरडा लागते, कोंडा काढा लागते, मंग तांदूळ होते. हे रेकॉर्डिंग धान हाय. प्लेअरले तांदूळ पायजे."

कोंडा म्हणजे जाहिराती. त्या साबिराभाभींनी काढल्या. साबणाची जाहिरात जिथे सुरू होते तिथे चिमटा, संपते तिथे चिमटा. मग भरडणं. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकायची आणि सात तास लागायचे. दोनदा लाईटनं दगा दिला, दोनदा पहिल्यापासून. कोऱ्या तबकड्या तीनच होत्या. एक प्लेअरनं थुंकली ती, एक अर्ध्यात जळाली, तिसरी जमली. बाबूभाईनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहून घेतली आणि कारागिराची सवय म्हणून लगेच ओटा साफ केला. म्हणजे डब्यातलं मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. डब्यात जागा कुठे होती?

आम्ही स्कूटरवर कोसमटोल्याला निघालो. पुढे पायाशी प्लेअर, मागे मी, माझ्या पाठीला बांधलेला लहान टीव्ही, आणि मांडीवर तबकडी. बाबूभाईनं बजावलं होतं, चकाकत्या बाजूला बोट लावू नका. नाही लावलं. वाटेत एकदा पाकिटातून काढून पाहिली मात्र. उन्हात धरली तर सातही रंग फिरायला लागले, मोरानं पिसारा झटकावा तसे. माझा देवाजी त्या रंगांत कुठे असेल, कुठल्या रंगात त्याचा आवाज असेल, मला काही कळेना. सागाच्या कापलेल्या लठ्ठ्यावर वर्षांची वर्तुळं असतात, ती मी आयुष्यभर वाचली. इथेही वर्तुळंच, पण वाचायला माझे डोळे कमी पडले.

बाबूभाई समाजमंदिरात वायरी जोडत बसला आणि मी तबकडी घेऊन देवाजीच्या अंगणात गेलो. रंभाबाईनं सुनेला, वच्छलाला, आधीच सांगून ठेवलं होतं की घरचा मोठा माणूस परत येऊन राह्यला, ओवाळणीचं ताट तयार कर. आमच्याकडे नवी वस्तू कुंकवाच्या टिक्याशिवाय वापरत नाहीत. नांगराला टिका, सायकलला टिका. ताटात तबकडी मीच ठेवली. कडेला धरून, बोट न लावता, चकाकती बाजू वर. दिव्याची ज्योत तिच्यात दिसली आणि मी म्हटलं, हे तोंड. वच्छलानं तेलात कालवलेल्या कुंकवाचे पाच टिके काठाकाठानं लावले, वर अक्षता टाकल्या. सगळ्यांनी हात जोडले.

समाजमंदिरात अख्खा गाव. प्लेअरची बशी बाहेर आली आणि मानानं मीच तबकडी आत घातली. बाबूभाई तेव्हा टीव्हीमागे वायर धरून उभा होता.

चित्र आलं. ढोलकी वाजली, टाळ वाजले, आमचीच माणसं त्या चौकटीत नाचू लागली. डोमा पाटील स्वतःला पाहून उठून उभा राहिला, मागच्यांनी त्याला दिसत नाही म्हणून खाली ओढला. पाऊण तास असा गेला. रंभाबाई पहिल्या ओळीत, मांडीवर हात ठेवून. शेवटी देवाजी पुढे आला. पागोटं सावरलं, एक हात कानावर नेला, तोंड उघडलं, आणि तसाच थांबला. चेहऱ्याचे चौकोनी तुकडे झाले. आवाज खाटकन तुटला.

बाबूभाईनं तबकडी बाहेर काढून उलटी केली. पाच लाल टिके, तेल फासलेलं, एक अक्षत अजून चिकटलेली. तबकडी आतून बाहेर वाचली जाते, हे मला त्यानं नंतर सांगितलं. काठावर टिके होते आणि काठावरच देवाजी होता.

वच्छलाचा चेहरा पांढरा पडला. मी सांगून टाकलं, तोंड वर मीच ठेवलं. बाबूभाई माझ्या जवळ येऊन हळूच बोलला, "बापूजी, मूळ रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. हे येकच हाय." मी त्याला तीस वर्षांत असा घाबरलेला पाहिला नव्हता.

रंभाबाईनं ते ऐकलं. ती जागची हलली नाही. "मंग गेले का ते?" तिनं विचारलं.

बाबूभाई तिच्यासमोर खाली बसला. "नाई बाई. टिका वरून लागला. ते आत हायेत. फक्त अक्षतानं ओरखडा नसंल गेला पायजे."

त्यानं कोमट पाणी आणि भांड्याचा साबण मागितला. गळ्यातला मलमलचा रुमाल भिजवला. मी म्हटलं, तुझे अब्बा गोल पुसायचे. तो म्हणाला, गोल पुसलं तर वाट मोडते, हे मधून बाहेर सरळ पुसायचं, सूर्याचे किरण काढावे तसं. एकेक टिका तो पाच-पाच, सात-सात वेळा पुसत होता. लाल पाणी ताटात पडत होतं. तबकडी कोरडी झाली तेव्हा त्यानं ती दाराच्या उजेडात तिरपी धरून पाहिली आणि आत घातली.

देवाजी पुन्हा पुढे आला. पागोटं सावरलं. हात कानावर. तोंड उघडलं.

आणि गायला. एका जागी चित्र किंचित अडखळलं, जणू त्यानं श्वास घेतला, आणि पुढे गेलं. मेलेला माणूस गात होता, डोळे मिटून, मानेची शीर ताणून, आणि आम्ही जिवंत माणसं श्वास धरून होतो. मी तेव्हा टीव्हीकडे पाहत नव्हतो. मी रंभाबाईकडे पाहत होतो. गाणं संपलं तरी तिचे हात मांडीवर तसेच.

"डोळे मिटून गात होते का?" ती म्हणाली. "मले वाटे, गाता गाता साऱ्या गावाकडं पाहून राह्यले असतील, मलेबी पाहतील. म्हनून मी दारातबी नाई येत होती."

बाबूभाईनं त्याच दिवशी तबकडी परत नेली, नव्या कोऱ्या तबकड्या मागवल्या आणि तिच्या तीन नकला केल्या. जी रंभाबाईला दिली, तिच्या छापील बाजूवर त्यानं शाईनं एक रुपयाएवढं गोल काढून आत मोकळं सोडलं होतं, आणि खाली लिहिलं होतं: टिका इथी.

पुढे त्याला ती सवयच लागली. लग्न असो, बारसं असो, प्रत्येक तबकडीवर गोल. स्वतःच्या भाचीच्या निकाहच्या तबकडीवरही त्यानं काढलं. साबिराभाभी म्हणाल्या, इथे कोण टिका लावणार? तर म्हणाला, राहू दे, पुसण्यापेक्षा जागा सोडलेली बरी.

मंडईच्या दिवशी देवाजीची तबकडी अजून ताटात निघते. गोलातलं कुंकू दर वर्षी एक थर जाड होतं. त्या दिवशी भाकरी वच्छला आदल्या सांजेलाच थापून ठेवते, आणि रंभाबाई पहिल्या ओळीत बसते.