गजाची चार मिनिटं

खोपोलीच्या कारखान्यात साईनाथला एकच काम. नवा सुटा भाग आला की तो कसा केला तर स्वस्त पडेल ते सांगायचं: लेथवर कातून, साच्यात ओतून, की हल्ली थ्रीडी प्रिंटरवर छापून. भाजीवालीशी घासाघीस जमत नाही गड्याला, पण लोखंड हातात घेतलं की किंमत तोंडावर येते.

नऊ वर्षांपूर्वी एका बुशच्या, म्हणजे छोट्या पोकळ नळकांड्याच्या, हिशेबात ओतकाम स्वस्त पडत होतं. म्हणजे काम बाहेर जाणार, लेथ बंद. कातारी गजा येऊन टेबलाशी उभा राहिला.

"भाऊ, टायमिंग माझ्याकडून घ्या. काम भायेर जाऊ देऊ नका."

बाकीच्यांना एका बुशला सहा मिनिटं लागत. गजाने चारात काढून दाखवला. लेथचं संरक्षक झाकण लावायचं, भाग पकडून फिरणारा चक पूर्ण थांबू द्यायचा, यातली दोन मिनिटं त्याने वाचवली होती. झाकण उघडं आहे, हे साईनाथला स्वच्छ दिसत होतं. तरी त्याने कागदावर चार लिहिले. लेथ जिंकला, पेढे वाटले गेले, आणि चार मिनिटं सगळ्यांच्याच बोकांडी बसली.

चौथ्या महिन्यात गजाची बाही चकमध्ये सापडली. गजा गेला. अहवालात उघड्या झाकणावर ठपका आला. चार मिनिटांबद्दल साईनाथला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून लेथचा रकाना भरायला घेतला की खुर्चीमागे कुणीतरी उभं राहतं. कटिंग ऑइलचा वास येतो. साईनाथ वळून बघत नाही. त्याला भीती वाटते.

परवा तोच बुश पुन्हा हिशेबाला आला. लेथवर आता गजाचा मुलगा रूपेश आहे. तो बापाच्याच जागी येऊन उभा राहिला.

"काका, टायमिंग माझ्याकडून घ्या."

साईनाथ घड्याळ घेऊन गेला. "आधी झाकण लाव रं."

"लावलं तर चारात नाय व्हत, काका."

साईनाथने घड्याळ खिशात टाकलं आणि तिथेच उभ्याउभ्या सहा लिहिले. ओतकाम जिंकलं. रूपेशने कागद वाचला.

"बाबांचा तुमच्यावर भरवसा व्हता."

साईनाथने कागद परत घेतला आणि खाली सही केली.

लेथ विकला गेला. रूपेश आता शिळफाट्यावर टेंपोत क्रेट चढवतो, साईनाथ दिसला की तोंड फिरवतो. साईनाथ मात्र थांबतो. रूपेशचे दोन्ही हात नीट बघून घेतो, मगच बस पकडतो.