उत्तर टोकाचा आवाज

इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला, आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे वसाहतीत, हिवाळ्याच्या दुपारी काय होतं, सांगू? काही म्हणजे काही होत नाही. मुलगा-सून ऑफिसात, रस्त्यावर बर्फ आणि मी खिडकीत. गाडी चालवता येत नाही म्हणजे इथे पाय असून नसल्यासारखेच.

तीन घरं सोडून एक काका राहायचे. वयाने माझ्याएवढेच, पण सगळे काका म्हणतात म्हणून मीही काकाच म्हणायची. नागपूरला टेलिफोन खात्यात होते. बायको गेल्यावर मुलीने इकडे आणलं. मुलगी एकटीच, जावई कधीचा वेगळा झालेला. आणि मागच्या गल्लीत ठाण्याच्या एक वहिनी, बोलायला फटकळ, पण कोणी आजारी पडलं की डबा आधी यांचा यायचा.

एक दिवस काकांनी आम्हा दोघींना एकेक वॉकीटॉकी आणून दिला. म्हणाले, "आजपासून आपण परक्या ग्रहावर वस्ती करून आहोत. बाहेरची हवा विषारी, एकमेकांकडे जाता येत नाही. हा रेडिओ तेवढा आधार."

"ग्रहाचं नाव काय?" मी विचारलं.

"ठेवा तुम्हीच."

मी म्हटलं, ढेकूळ. तेच पडलं.

मग रोज जेवणं उरकली की ढेकळावरची बातमीपत्रं सुरू. काकांची वस्ती उत्तर टोकाला, कारण त्यांचं घर वरच्या अंगाला. "दोन्ही सूर्य उगवले, वारा तांबडा आहे, ओव्हर." वहिनी सांगायच्या, "माझ्याकडे गवार आलीय, ओव्हर."

"वहिनी, ढेकळावर गवार उगवत नाही!"

"तुमच्या टोकाला नसेल उगवत. मशागत करावी लागते, काका!"

नियम दोनच. बोलून झालं की ओव्हर म्हणायचं. आणि हवेवर घरचं काही काढायचं नाही. गुडघे नाहीत, साखर नाही, सुना-जावई नाहीत. "घरचं बोलायला फोन आहे की," काका म्हणायचे. "त्यावर कोणी बोलत नाही, ते सोडा."

कधी कधी काका वादळ आणायचे. तोंडाने खरखर करायचे, मधले शब्द गिळायचे. मग आम्ही ओरडायचं, "उत्तर टोक, आवाज फाटतोय, पुन्हा सांगा!" लहान मुलांसारखे खेळायचो, खरंच.

फेब्रुवारीत एका दुपारी हवामान सांगता सांगता काकांचे शब्द एकमेकांत अडकायला लागले. "सूर्य... सू... ता..."

वहिनींनी लगेच धरलं, "वादळ जोरात आहे वाटतं! आज ॲक्टिंग फारच जमलीय हो, ओव्हर!" मीही हसले. काका पुन्हा काहीतरी बोलले, जड, तोंडात घास असल्यासारखं. पण ओव्हर म्हणाले नाहीत. काका ओव्हर विसरतील? बटण दाबलेलंच राहिलं होतं. त्यांच्या घरातल्या हीटरची घरघर तेवढी येत होती, आणि मधूनच त्यांचा श्वास. मी फोन उचलून त्यांच्या मुलीला लावला. तिने ऑफिसातूनच ॲम्ब्युलन्स पाठवली.

जीव वाचला. उजवी बाजू आणि वाचा गेली.

घरी आणल्यावर मुलीने निभावलं तेवढं निभावलं. अंघोळ, डायपर, मांडीवर लॅपटॉप घेऊन मीटिंगा. मग ऑफिसने रोज यायला सांगितलं. नागपूरला एक सेंटर होतं, चोवीस तास नर्स असलेलं. एका शनिवारी ती मला बोलवायला आली.

"मावशी, बाबांना विचारलं की भिंतीकडे तोंड करतात. डॉक्टर म्हणतात, सगळं समजतंय त्यांना. त्यांच्या मनाविरुद्ध नाही पाठवायचंय मला. तुम्ही विचारा ना, तुमच्या त्या गेममध्ये."

"अगं, पण बोलता कुठे येतंय?"

"डाव्या हाताने बटण दाबतात. तो रेडिओ उशाशीच लागतो त्यांना."

मी माझा रेडिओ घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. काका आतल्या खोलीत, दार लोटलेलं. काकांना आधीच सांगितलं, हो असेल तर एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा.

"उत्तर टोक, ऐकू येतंय का? ओव्हर."

खट्. एकदा.

"काका, नियम मोडतेय. घरचं विचारायचंय. चालेल?"

खट्.

"नागपूरला जायचं का?"

मुलीने माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. खट्. मी दुसऱ्याची वाट बघितली. दुसरा आला नाही.

म्हणून मीच पुढचं विचारलं. "तुम्हाला स्वतःला जायचंय का, काका? पोरीचं सोडा. तुम्हाला?"

काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. झोप लागली की काय म्हणून दाराच्या फटीतून बघितलं. डोळे उघडे होते. रेडिओ छातीवर आणि अंगठा बटणावर, नुसता टेकलेला.

परत येऊन बसले. "काय म्हणाले?" मुलीने विचारलं. तिथेच तर होती, तरी विचारलं.

"जायला हो म्हणाले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलं."

"पण नाही असं नाही म्हणाले ना?"

"नाही. तसंही नाही म्हणाले."

तिने मान हलवली. कोरडेच हात नॅपकिनला पुसत राहिली. मग लॅपटॉप ओढून तिकिटं बघायला लागली. "व्हीलचेअर मागून ठेवते. आणि वाटेकडची आयल सीट घेऊ ना, मावशी? उठवायला बरं पडेल."

"घे," मी म्हटलं.