भिंतीकडे तोंड करून बसणारे परीक्षक

शिकवणं बघायचं नसतं, नुसतं ऐकायचं असतं, असं मानणारा माणूस अख्ख्या म्हैसुरात एकच असेल आणि नेमका तोच आमचा घरमालक निघाला. कुवेंपुनगरातल्या त्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला, तेव्हा खाली राहणारे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक आहेत एवढंच कळलं होतं. घराणं मराठी, पण चार पिढ्या म्हैसुरात गेलेल्या. त्यामुळे त्यांचं वाक्य मराठीत निघालं तरी कुठे पोचेल याचा भरवसा नसे. आयुष्यभर त्यांनी भाषेचे शिक्षक तयार केले होते आणि निवृत्तीनंतरही खालच्या हॉलमध्ये रोज सकाळी प्रशिक्षणाचा वर्ग चालवत. मला शाळेत हिंदी शिकवायची होती. भाडेकरू म्हणून आले आणि महिन्याभरात विद्यार्थिनी होऊन बसले. आमच्या सरावाच्या तासांना सर परीक्षक म्हणून वर्गात मागे बसायचे, पण खुर्ची उलटी फिरवून, तोंड भिंतीकडे. एका शाळेत मुख्याध्यापिकेला वाटलं की सर रागावलेत, म्हणून तिने घाईघाईने कॉफी पाठवली. दुसऱ्या शाळेत भिंतीवर एवढं काय आहे ते बघायला सगळी सहावी मागे वळून बसली. कारण विचारलं की म्हणायचे, "नोडम्मा, बघा हं, कान भाषा ऐकतंय. डोळं आधी रंग बघतंय, नाक बघतंय. तोवर मार्क देऊन झालेलं असतंय."

त्यांच्या वर्गात 'मूळचे कुठले?' हा प्रश्न विचारायला बंदी होती. आता आम्हा साताऱ्याच्या माणसांना ओळख करून घ्यायचा दुसरा मार्ग ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी रेणुका बसली होती. काळीभोर, कुरळ्या केसांची. मी अगदी प्रेमाने इंग्रजीत विचारलं, कुठल्या देशातून आलात? ती म्हणाली, "यल्लापूर." मी म्हटलं, त्याआधी? "त्याआधीपण यल्लापूरच." ती सिद्दी होती, शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज कारवारकडच्या जंगलात राहतात, कोकणी आणि कन्नड बोलतात, हे मला त्या दिवशी कळलं. सरांनी ऐकलं आणि शिक्षा फर्मावली: आठवडाभर रोज सकाळी वर्गातल्या प्रत्येकाने मला दारात अडवून विचारायचं, ऊर कुठलं, म्हणजे गाव कुठलं, आणि मी सातारा म्हटलं की, त्याआधी? पहिल्या दिवशी मी हसले. तिसऱ्या दिवशी मागच्या दाराने आले. चौथ्या दिवशी एका बाईंवर इतकी खेकसले की माझी मलाच लाज वाटली. रेणुकाने मात्र एकदाही विचारलं नाही. तिची पाळी आली की ती नुसती म्हणायची, "बन्नी, या, बसा." लहानपणापासून ती रोज हेच सोसत आली होती.

या सगळ्या तऱ्हेवाईकपणाचं मूळ त्यांनी एकदा अंगणातल्या संपाची, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची, मोटर बंद करता करता सांगितलं. फार वर्षांपूर्वी ईशान्येकडची एक मुलगी त्यांच्यापुढे परीक्षेला उभी राहिली. तास उत्तम झाला. पण तपासणीच्या कागदावर 'व्यक्तिमत्त्व' असा रकाना होता, दहा गुणांचा. सरांनी तिथे दोन दिले. ती नापास झाली, गावी गेली, पुन्हा आली नाही. "मी काय बघून दोन दिलं, ते मलाच ठाऊक आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

या उन्हाळ्यात विजयनगरातल्या एका शाळेला कन्नडची शिक्षिका हवी होती आणि रेणुकाला त्या नोकरीची फार गरज होती. याआधी तीन शाळांनी तिला तास न बघताच परत पाठवलं होतं. इथे सर तज्ज्ञ म्हणून होते. मीच त्यांना स्कूटरवरून घेऊन गेले. सर नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून बसले, रेणुकाने सुरेख शिकवलं, सरांनी भरभरून गुण लिहिले. संस्थेचे सचिव कागद वाचून म्हणाले, कन्नड उत्तम आहे सर, पण पालकांचं काय? तुम्ही बाईंकडे बघितलंत तरी का? सर अभिमानाने म्हणाले, "इल्ला, नाही बघितलं. म्हणूनच मार्क खरे आहेत."

तेव्हा रेणुका बोलली. खडू हातातच होता. "सर, मी दिसू नये म्हणून तुम्ही तिकडे तोंड करता. पण पोरांना मी रोज दिसणार ना? तुम्हीपण बघा. बघून मार्क द्या."

सरांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. मग ते उठले, खुर्ची वळवली आणि म्हणाले, "शिकवा, अम्मा." ती पुन्हा दहा मिनिटं शिकवत होती. मध्येच एका मुलीने विचारलं, मिस, तुमचे केस असे का? सचिव दचकले. रेणुका म्हणाली, "माझ्या आईचे असेच आहेत," ते वाक्य तिने फळ्यावर लिहिलं आणि आईकडून आपल्याला काय मिळालं ते प्रत्येकाला लिहायला लावलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा लिहीत नव्हता. ती त्याच्याशेजारी खाली बसली आणि तो लिहीपर्यंत उठली नाही. सर टक लावून बघत होते. पहिला कागद फाडून त्यांनी दुसरा भरला आणि तो सचिवांपुढे ठेवला. नोकरी मिळाली, पण एक वर्ष 'बघू' या अटीवर. बाकी कुणाला अशी अट नव्हती. सर अर्धा तास भांडले. शेवटी रेणुकानेच सही केली. तिला जूनपासून पगार हवा होता.

त्या संध्याकाळी सर पायरीवर बसून होते. मी बाजारातून आले तर म्हणाले, "एवढे शिक्षक माझ्या हाताखालून गेले. पोराजवळ कोण खाली बसलं, कोण नाही, मला काहीच ठाऊक नाही." मला वाईट वाटलं. मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही कसं शिकवता हो? तुमचा तासही मी नुसता ऐकला." पिशवी तिथेच ठेवून मी त्यांना हॉलमध्ये नेलं. ते पहिल्या रांगेत बसले, चष्मा पुसला, माझ्याकडे बघू लागले. आणि मला पहिलं वाक्यच आठवेना. त्यांनी घाई केली नाही.