नववा पॉइंट

केलर फोर्कमध्ये क्लिओफस पेटवे हे पूर्ण नाव फक्त दोघं घेत: टपालवाला आणि रेफरी. बाकी गावाला तो क्लिओ. वय पस्तीस, दोन्ही गुडघ्यांवर टाक्यांचे व्रण आणि डोक्यात अखंड चाललेली बेरीज-वजाबाकी. अलाबामातल्या लाकूड-गिरणीच्या वस्तीतला हा काळा माणूस नॉर्थ डाकोटाच्या बर्फात कसा येऊन पडला, हे गावाने पहिली दोन वर्षं विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. "बास्केटबॉलने आणलं आणि लोर्नाने ठेवून घेतलं," एवढंच तो सांगे. लोर्ना त्याची बायको, गावच्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला.

मोठ्या लीगने त्याला तीनदा बोलावलं आणि तीनदा परत धाडलं. तिसऱ्या खेपेला दहा दिवसांचा करार होता. नऊ दिवस बाकावर गेले आणि दहाव्या दिवशी चार मिनिटं मैदानावर. त्या चार मिनिटांत त्याने एकही चूक केली नाही. पण चूक न करणाऱ्याची आठवण ठेवतो कोण? तिथून तो खाली आमच्या छोट्या लीगमध्ये आला आणि अकरा वर्षं राहिला. संघाचं नाव 'प्लाउमेन', म्हणजे नांगर धरणारे. नावाला जागून आम्ही गुणतक्त्यात बहुतेक वेळा जमिनीलगतच असायचो.

उन्हाळ्यात क्लिओ आसपासच्या शाळांच्या व्यायामशाळांमधली लाकडी जमीन घासायचा, तिला रोगण लावायचा आणि मैदानाच्या रेषा आखायचा. जिच्या मागून टाकलेल्या चेंडूला दोनऐवजी तीन पॉइंट मिळतात, ती कमान त्याने गुडघ्यांवर रांगत इतक्यांदा रंगवली होती, की डोळे बांधून सोडलं तरी रेषा कुठे आहे ते त्याच्या पावलाला कळलं असतं.

आमच्या लीगचा हिशेब जगावेगळा. मैदानावर मिळतात ते पॉइंट, तक्त्यात चढतात ते गुण. एका सामन्याचे सात गुण. जिंकणाऱ्याला तीन, आणि उरलेले चार गुण सामन्याच्या चार क्वार्टरांचे. जो क्वार्टर जिंकेल त्याला एक, क्वार्टर बरोबरीत सुटला तर दोघांना अर्धा-अर्धा. म्हणजे सामना हरूनही तीन गुण घेऊन घरी जाता येतं आणि जिंकूनही हात चोळत बसता येतं. प्रेक्षक उठून जाऊ नयेत म्हणून कुणा शहाण्याने काढलेली ही युक्ती. पण भिंतीवरचा फलक दाखवायचा फक्त एकूण पॉइंट. चालू क्वार्टरमध्ये कोण पुढे, हे ज्याचं त्याने डोक्यात ठेवायचं.

प्लाउमेनच्या वतीने ते क्लिओ ठेवायचा. प्रत्येक क्वार्टरचा भोंगा वाजला की तो मनगटावरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर त्या क्षणाचा फरक पेनने लिहून घ्यायचा, मग पाणी प्यायचा. गस लिंडवॉल हा आमचा कोच. मदतनीस नाही, कारकून नाही, एकटा माणूस. टाइमआउटमध्ये तो पहिला प्रश्न क्लिओलाच विचारायचा, "किती?" क्लिओ मनगट बघून सांगायचा. अकरा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

पोरांना मात्र त्या हिशेबाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना आपापले पॉइंट हवेत, म्हणजे मोठ्या लीगचा माणूस वहीत नाव टिपून घेईल. त्यातला सगळ्यात वरचढ डिमेट्रियस ओडम. तेवीस वर्षांचा, उडी अशी की छताला हात लावेल. क्लिओ त्याला हंगामभर टोकत होता.

"अरे, समोरचे थांबलेत, सामना संपलाय, तरी तू रिंगेला लोंबकळतोस? लाज नाही वाटत?"

"म्हातारबा, तुझी लाज तुला लखलाभ. मला नोकरी हवीय."

एकोणीसशे सत्त्याऐंशीचा तो मार्च. संघाचा मालक मर्ल ऑस्टबी हा ट्रॅक्टरचा व्यापारी. फेब्रुवारीतच कपडे बदलायच्या खोलीत येऊन त्याने टोपीही न काढता सांगितलं होतं, "प्लेऑफमध्ये गेलात तर पुढचं वर्ष आहे. नाही गेलात तर शेवटच्या सामन्यानंतरच्या सोमवारी टाळं. मागून रडारड नको."

गस या हंगामानंतर काम सोडणार होता, छातीने तसा इशारा दिला होता. संघ राहिला तर पुढच्या वर्षीचा कोच क्लिओ, हे मर्लने हात मिळवून कबूल केलं होतं. क्लिओने आयुष्यात दुसरं काही मागितलंच नव्हतं. गुडघे संपले होते. आता खेळातलं जे काही उरलं होतं ते डोक्यात होतं, आणि डोक्याला विचारणारी जगात एवढी एकच जागा होती. गावाबाहेरून बोलावणं यावं असं त्याचं नाव नव्हतं. संघ गेला की तो नुसता रेषा रंगवणारा माणूस उरणार होता.

शेवटचा सामना रविवारी दुपारी, सहा तासांवरच्या टॉलिव्हर सिटीत. आमचे गुण एकशे एकोणसत्तर. आमच्या वर, प्लेऑफच्या म्हणजे बादफेरीच्या शेवटच्या जागेवर, बिग स्प्रूस, एकशे साडेचौऱ्याहत्तर, आणि त्यांचे सामने शनिवारीच संपलेले. बरोबरी झाली तर तेच पुढे, कारण आपसातल्या सामन्यांत त्यांनी आम्हाला जास्तदा लोळवलं होतं. म्हणजे आम्हाला सातपैकी सहा गुण हवे होते: सामना तर जिंकायचाच, वर चारांतले तीन क्वार्टरही.

बसमध्ये गस म्हणाला, "सहा. आणखी काही लक्षात ठेवू नका. बाकीचं क्लिओ बघेल."

टॉलिव्हर सिटी तक्त्यात तळाला होती. त्यांची पोरं कधी एकदा घरी जातो अशा चेहऱ्याने उतरली होती. पहिला क्वार्टर आम्ही तीनने जिंकला. दुसरा दोनने गमावला. गस मध्यंतरात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आता पुढचे दोन्ही हवे होते, चुकायला जागा नव्हती.

तिसऱ्यात क्लिओ असा खेळला की म्हातारपण बसमध्येच विसरून आला असावा. क्वार्टर संपता संपता चेंडू त्याच्याच हातात आला. त्याने कोपऱ्यावरून उडी मारून टाकला, भोंगा वाजला आणि चेंडू जाळीतून खाली पडला. रेफरीने दोन बोटं वर केली. फलकावर त्र्याऐंशी–पंचाहत्तर. क्लिओने सवयीने पेन घेतलं, मनगटावर आठ लिहिलं, आणि मग त्याचं लक्ष रेफरीच्या बोटांकडे गेलं.

"दोन? अहो, तीनचा होता तो! माझा पाय रेषेच्या वीतभर मागे होता."

"पायाचं बोट रेषेवर होतं, पेटवे."

"अशा रेषा मी रंगवतो, साहेब! कुठे असतात ते तुम्ही मला शिकवणार? त्या दुसऱ्या रेफरीला विचारा."

त्या एका पॉइंटाची गरज नव्हती. क्वार्टर आम्ही सातने जिंकलेला होता, आठने जिंकला तरी गुण एकच. पण क्लिओ हक्काचं सोडणारा नव्हता. चार मिनिटांसाठी नऊ दिवस बाकावर बसलेला माणूस आपला एक पॉइंट का सोडेल? दोन्ही रेफरी बाजूला जाऊन बोलले. टॉलिव्हरचे लोक हुर्यो करू लागले. शेवटी रेफरीने तीन बोटं वर केली आणि फलक चौऱ्याऐंशी–पंचाहत्तर झाला.

गसने त्याला मिठीच मारली. "म्हातारबाने रेफरीला शाळा शिकवली!" ओडम ओरडला. पोरांनी त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला, पाठीत धपाटे घातले. त्या गडबडीत मनगटावरचा आठ आठच राहिला. नववा पॉइंट ज्याने भांडून मिळवला, त्यानेच तो लिहून घेतला नाही.

चौथा क्वार्टर रखडत रखडत चालला. फरक कधी सहावर आला, कधी अकरावर गेला. शेवटच्या टाइमआउटमध्ये गसने विचारलं, "किती?"

क्लिओने मनगट पाहिलं. "आठ धरून चालायचं. नऊने जिंकलो की क्वार्टर आपला."

कुणी स्कोअररच्या टेबलावर जाऊन विचारलं नाही, कुणी मनात उजळणी केली नाही. क्लिओने सांगितलं की झालं.

वीस सेकंद उरले तेव्हा एकशे आठ–नव्याण्णव. नऊचा फरक. टॉलिव्हरचा शेवटचा फटका रिंगेवर आपटून बाहेर आला आणि क्लिओने तो धरला. चौदा सेकंद. आमच्याकडे अशा वेळी एक रीत आहे. सामना ठरला, समोरचे थांबले, की तुम्हीही थांबायचं. चेंडू जागेवर आपटत घड्याळ संपू द्यायचं. थांबलेल्या माणसावर पॉइंट करणं हलकटपणा मानतात. टॉलिव्हरची पोरं थांबली. एकाने तर क्लिओपुढे हात मिळवायला हात केला.

रिंगेखाली ओडम एकटा उभा होता. दोन्ही हात वर करून तो ओरडत होता, "दे! म्हातारबा, दे इकडे!"

त्यालाही हिशेब ठाऊक नव्हता. त्याला नुसती लोंबकळायची हौस होती. क्लिओने मान हलवली आणि एक बोट वर केलं: एकने पुढे आहोत, गप्प राहा. मग टप... टप... चेंडू आपटत तो भोंग्याची वाट बघत उभा राहिला. त्या चौदा सेकंदांइतका सुखी तो अकरा वर्षांत कधी झाला नसेल.

भोंगा वाजला. प्लाउमेन एकमेकांच्या अंगावर कोसळले. गस जमिनीवरच बसला, डोळे पुसू लागला. सामना संपला की गुण वाचून दाखवायची लीगची पद्धत आहे. तसा ध्वनिक्षेपक खरखरला आणि एक कंटाळलेला आवाज आला, "चौथा क्वार्टर, चोवीस–चोवीस, बरोबरी. टॉलिव्हर सिटी दीड गुण. केलर फोर्क साडेपाच."

क्लिओ हसतच स्कोअररच्या टेबलाकडे गेला. आधी त्याला वाटलं चूक त्यांची आहे. स्कोअरर ही एक वयस्क बाई होती; तिने कागद फिरवून त्याच्यापुढे केला आणि पेन्सिलीचं टोक तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी ठेवलं.

"चौऱ्याऐंशी–पंचाहत्तर. नऊ. तुम्हीच भांडून वाढवून घेतलात ना?"

क्लिओने कागद पाहिला. मग मनगट पाहिलं. मग पुन्हा कागद.

मागून गस आला. त्याने विचारलं नाही, क्लिओच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. चूक टेबलाची असती तर लीगकडे अर्ज करता आला असता, भांडता आलं असतं. इथे दाद कुणाकडे मागणार? तोंडाशी आलेला घास आपल्याच हाताने खाली पाडला होता.

कपडे बदलायच्या खोलीत ओडमने बूट भिंतीवर फेकला.

"मी मागत होतो! समोर कुत्रंही नव्हतं, मी एकटा होतो. फक्त द्यायचा होता. वर मला बोट दाखवतो! हंगामभर अक्कल शिकवलीस ना आम्हाला?"

"ओडम, पुरे," गस म्हणाला.

"बोलू दे त्याला, कोच," क्लिओ म्हणाला. "खरं तेच बोलतोय तो."

त्यावर ओडम टॉवेलात तोंड खुपसून रडायला लागला. क्लिओला वाटलं, यापेक्षा त्याने आणखी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये गस त्याच्या शेजारी येऊन बसला. एरवी तो पुढे ड्रायव्हरजवळ बसायचा.

"पहिल्या वर्षी मीही मोजायचो रे," तो म्हणाला. "तू आलास आणि सोडून दिलं. म्हटलं, हा आहे ना."

"कोच, तुम्ही असं बोलू नका."

"तुला दोष देत नाही रे. माझंच सांगतोय."

पण बोलणं दोघांनाही लागायचं तिथे लागलं. बाहेर बर्फाखालची शेतं सरत होती आणि क्लिओ खिडकीला डोकं टेकून तेच ते चौदा सेकंद पुन्हा खेळत होता. प्रत्येक वेळी तो चेंडू ओडमला देत होता, आणि प्रत्येक वेळी डोळे उघडले की बस तिथेच होती.

तो घरी पोचला तेव्हा लोर्ना स्वयंपाकघरात होती. तिने बटाट्याचं आणि कणकेच्या गोळ्यांचं सूप गरम करून ठेवलं होतं. रेडिओ बंद होता. तिने सामना पूर्ण ऐकला होता हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं.

"तो समालोचक सांगत होता," ती हळूच म्हणाली. "क्वार्टर बरोबरीत आहे, बरोबरीत आहे, क्लिओ टाकत का नाही. मी ओरडले, क्लिओ. वेड्यासारखी त्या खोक्यावर ओरडले."

तो खुर्चीत बसला. बुटांचे बंद सोडायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"मर्लचा फोन येऊन गेला," ती म्हणाली. "उद्या दहाला कपडे आणि चेंडू जमा करायचेत. तुला काही बोलला नाही. फक्त म्हणाला, त्याला सांगा, वाईट वाटलं."

क्लिओने मान हलवली. लोर्नाने सूप वाढलं, त्याच्यापुढे ठेवलं, स्वतः समोर बसली. दोघांनीही चमचे उचलले नाहीत. मग तिने विचारलं, "तो तिसऱ्या क्वार्टरमधला... खरंच तीनचा होता?"

"तीनचाच होता," क्लिओ म्हणाला. "वीतभर मागे होता माझा पाय."